रात्रीची 'गूंऽऽ' आणि घराघरांचे आवाज

माडीवरची | १४ जून, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षे इथे वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते.

माझे आजवरचे आयुष्य गोव्यात, म्हार्दोळजवळच्या जुन्या घरात गेले. हातभर जाड चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौले, मध्ये राजांगण, म्हणजे घराच्या पोटातले उघडे अंगण. डिसेंबरात आईला घेऊन फोंड्यात फ्लॅटमध्ये आले. आई ७८ वर्षांची, गुडघे गेलेले, कानाला यंत्र. इथे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, इमारत हमरस्त्यापासून आत आहे. बाकी सगळे ठीक.

पण रात्री अकरानंतर रस्ता निजला की आमच्या खोलीत 'गूंऽऽऽ' असा आवाज येतो. अखंड, ना वाढत ना कमी होत. उशीवर डोके टेकले की जास्त. बाहेरून येतो म्हणून खिडकी लावून घ्यावी, तर आणखी स्पष्ट होतो. पंखा लावला की बुडतो, पण आई माझ्याच खोलीत झोपते आणि पावसाळ्यात तिला पंख्याचा वारा सोसत नाही.

फोनवर आवाज मोजायचे ॲप घेतले. रात्री १ वाजता ३३ डेसिबल. ज्याला सांगावे तो म्हणतो, तेहेतीस म्हणजे काहीच नाही. गेल्या शनिवारी म्हार्दोळच्या घरी राहिले, तिथे तेच ॲप लावले. राजांगणात पाऊस, मागे बेडूक आणि रातकिडे मिळून ५१. त्या ५१ मध्ये मी सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजेपर्यंत गाढ झोपले.

३३ ला झोप उडते आणि ५१ ला लागते, हे कसे?

दुसरा प्रश्न आईचा. फ्लॅटच्या हॉलमध्ये चार माणसे बोलायला लागली की तिला 'सगळे गोळा होऊन' ऐकू येते. जुन्या घरी व्हरांड्यात बसून ती यंत्राशिवायही बरेच पकडायची. तिचा कान सहा महिन्यांत इतका उतरला असेल का?

डिचोलीचे_सर | १५ जून, सकाळी ७.०५

चांगला विषय. आमच्या शाळेच्या दोन खोल्यांवर पत्रे आहेत, त्यामुळे या विषयाशी माझा रोजचा संबंध. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

वास्कोचा_फिटर | १५ जून, सकाळी ९.३०

ताई, तुमचा कान बरोबर आहे. अपुरा आहे तो आकडा. मी ३४ वर्षे एअर कंडिशनिंगमध्ये काढली, आधी जहाजांवर, मग हॉटेलांत. जे शिकलो ते थोडे विस्ताराने सांगतो.

फोनवरचे ॲप जे डेसिबल दाखवते त्यांना 'ए' भार लावलेला असतो. माणसाचा कान हळू आवाजातले जाड, म्हणजे खालचे, सूर कमी ऐकतो, म्हणून मीटरही ते कमी मोजतो. १००० हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) वजावट शून्य, १०० हर्ट्झला १९ डेसिबल वजा, ५० हर्ट्झला तब्बल ३० वजा. म्हणजे खोलीत १०० हर्ट्झचा ५० डेसिबलचा आवाज असला तरी मीटर म्हणणार ३१. शिवाय फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला, जाड सूर तो आधीच थोडे गाळतो. उलट रातकिड्यांचा आवाज तीन-चार हजार हर्ट्झच्या वर, तो मीटर पुरेपूर मोजतो. तुमचे ३३ आणि ५१ एका तराजूत ठेवण्यासारखे नाहीतच.

हे इंजिनियर लोकांना फार आधी कळले होते. १९५७ साली अमेरिकेत लिओ बेरानेक यांनी 'एनसी' (नॉइज क्रायटेरिया) वक्र मांडले. एकच आकडा न घेता ६३ हर्ट्झपासून ८००० पर्यंत प्रत्येक पट्टा वेगळा मोजायचा आणि वक्रावर ठेवून बघायचा. हॉटेलच्या खोलीला साधारण एनसी ३० ते ३५ धरतात. पण त्यातही गोम निघाली. दोन खोल्या एकाच एनसीत बसतात, आणि एकीत माणूस झोपतो, दुसरीत तळमळतो. म्हणून १९८१ मध्ये वॉरन ब्लेझियर यांनी 'आरसी' (रूम क्रायटेरिया) वक्र आणले. त्यात आकड्यापुढे आवाजाचा स्वभाव लिहायचा. जाड सुरांकडे झुकला तर 'रंबल', बारीक सुरांकडे झुकला तर 'हिस', दोन्हीकडे न झुकणारा तो 'न्यूट्रल'. मी आमच्या पोरांना घुमणारा, फुसफुसणारा आणि समतोल असे शिकवायचो. समतोल आवाजाची जाड सुराकडून बारीक सुराकडे उतरण असते, दर सप्तकाला साधारण ५ डेसिबल. अशी उतरण असली की कान त्या आवाजाला विसरतो.

एक अनुभव. एका मोठ्या हॉटेलात एकाच खोलीतून पाहुणे तक्रार करायचे. शेजारच्या खोलीत मीटर तेवढेच दाखवायचे, तिथे तक्रार नाही. शेजारी 'सूंऽ' होती, इथे 'घोंऽ'. आठ दिवस शोधल्यावर सापडले. एएचयू (थंड हवा ढकलणारे यंत्र) आणि डक्ट (हवेची नळी) यांच्यामध्ये कॅनव्हासचा जोड असतो, यंत्राची थरथर पुढे जाऊ नये म्हणून. रंगकाम करणाऱ्याने तो ऑइल पेंटने रंगवला होता, वाळून तो पत्र्यासारखा कडक झाला होता. जोड बदलला, तक्रार संपली. मीटरवर फरक जेमतेम २ डेसिबलचा.

तुमच्या बाबतीत तीन गोष्टी करून कळवा. रात्री स्वतःच्या फ्लॅटचा मेन स्विच पाडा आणि ऐका. पूर्ण भागाची लाईट जाईल तेव्हा ऐका. खोलीत सावकाश फिरा आणि आवाज कुठे कमी-जास्त होतो ते खडूने जमिनीवर मांडा.

कान_नाक_घसा | १५ जून, दुपारी २.१५

फिटरकाकांच्या तपासण्या कराच, पण त्याआधी एक वैद्यकीय शंका दूर करू. काही जणांना कानातच सूर ऐकू येतो, त्याला कर्णनाद म्हणतात. तो असता तर म्हार्दोळलाही पाठोपाठ आला असता, निदान पाऊस थांबल्यावर शांत घटकेला कळला असता. बोटांनी दोन्ही कान घट्ट बंद करून बघा. आवाज नाहीसा झाला तर तो बाहेरचा.

आईंबद्दल. वयानुसार आधी बारीक सूर जातात. स, श, त, क, फ ही व्यंजने त्याच बारीक सुरांत असतात. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाही, म्हणून वडीलधारी माणसे म्हणतात की 'आवाज येतो पण बोलणे समजत नाही'. त्यात खोलीत जाड आवाज असला तर तो आपल्या वरचे सूरही झाकतो. बारीक आवाज जाड सुराला तितका झाकत नाही. त्यामुळे फ्रिज, पंखा, एसी यांची घरघर अशा माणसाला आपल्यापेक्षा जास्त अडवते. सहा महिन्यांत कान उतरलाच असेल असे नाही, खोली बदलली आहे. तरी एकदा कान तपासून यंत्राची जुळणी करून घ्या.

पर्वरीकर२ | १५ जून, दुपारी ४.४०

कायदा काय सांगतो? आमच्या इमारतीतही असाच प्रकार आहे, तक्रार करता येईल का?

चिरेबंदी | १५ जून, सायंकाळी ६.१०

पर्वरीकर, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. पण ती मर्यादा परिसराची आहे, आणि तीही 'ए' भारानेच मोजतात. खोलीतली अशी गुणगुण त्या मापात सापडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात झोपायच्या खोलीत अखंड आवाज ३० च्या वर नको असे म्हटले आहे, आणि आवाजात जाड सुरांचा वाटा मोठा असेल तर त्याहूनही कमी हवा असे जोडले आहे. त्यामुळे माडीवरची यांचे ३३ 'काहीच नाही' हे म्हणणे बरोबर नाही.

मी वास्तुरचनेचे काम करते. आईंच्या हॉलबद्दल माझा अंदाज असा की जमिनीला व्हिट्रिफाइड टाइल्स, वर पीओपी, एक बाजू काचेची, पडदे नाहीत. बरोबर?

अशा खोलीत शब्द लगेच मरत नाही. वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहाचा हाच दोष शोधला. शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या ते रात्री उचलून आणायचे, आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे आणि सकाळच्या आत परत ठेवायचे. त्यातून निघालेले सूत्र आम्ही आजही वापरतो : खोलीचे घनमीटर गुणिले ०.१६१, भागिले खोलीतले एकूण शोषण, म्हणजे आवाज गिळणारा पृष्ठभाग, चौरस मीटरमध्ये.

तुमचा हॉल ५ बाय ४ मीटर, उंची २.९ धरली तर ५८ घनमीटर. उघड्या हॉलचे शोषण ६ धरा, उत्तर दीड सेकंद. एक अक्षर दीड सेकंद रेंगाळते तोवर पुढची पाच-सहा त्याच्यावर येऊन पडतात. आईंचे 'गोळा होऊन येते' हे अगदी नेमके वर्णन आहे. जाड चुण्यांचे पडदे, जमिनीवर सतरंजी, कापडी सोफा, भिंतीशी पुस्तकांचे कपाट असे करून शोषण १४ पर्यंत नेले तर ०.७ सेकंदाच्या आत येते. वर्गखोलीला ०.६ चांगले समजतात. गणित अंदाजाचे आहे, पण फरक केवढा पडतो ते त्यावरून दिसेल.

तुमच्या बेडरूममधल्या गुणगुणीवर मात्र पडद्यांचा काही उपयोग होणार नाही. इतक्या जाड सुराला कापड अडवत नाही.

कुळागर | १५ जून, रात्री ८.२०

मुळात चिऱ्याची घरे सोडून ही चार इंची खोकी बांधली तिथेच सगळे बिघडले. आमच्या सावईवेऱ्याच्या घरात बाहेर बँड वाजला तरी आत कळत नाही. आजोबांच्या काळातले लोक शहाणे होते.

चिरेबंदी | १५ जून, रात्री ८.४५

कुळागर, चिऱ्याबद्दलचे तुमचे प्रेम माझ्या नावावरून तुम्हाला कळेलच, पण हे म्हणणे पूर्ण खरे नाही. भिंत कितीही जाड असली तरी आवाज भोकातून येतो. एकूण पृष्ठभागात १ टक्का जागा उघडी असली तर बाकी सगळे पोलादाचे केले तरी २० डेसिबलपेक्षा जास्त अडवता येत नाही. कौलारू छपरात कौलाकौलांत फटी असतात, भिंत आणि वासा यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा असते. जुनी घरे हवेसाठी बांधली होती, आणि हवा जिथून येते तिथून आवाज येतोच. माडीवरचीच सांगतात ना, म्हार्दोळच्या घरात ५१.

कुळागर | १५ जून, रात्री ९.३०

बँडचे मी जास्तच बोललो, मान्य. लिहिल्यावर अंगणात जाऊन बसलो आणि विचार केला. आमच्याकडे आवाज येतात, सारखे येतात. पोफळीच्या बागेत पाटाचे पाणी, नारळाची झावळ पडते ती, गोठ्यातल्या गाईची मान हलली की घंटा. पण प्रत्येक आवाज कशाचा आणि कुठून हे अंधारातही सांगता येते. झावळ पडली तर बायको झोपेतच म्हणते, विहिरीकडची. माडीवरचीताईंच्या गुणगुणीचे तसे नाही, ती कशाची ते माहीत नाही आणि कुठून तेही माहीत नाही. मला वाटते मन त्याच्याच मागे जागे राहते.

वास्कोचा_फिटर | १५ जून, रात्री १०.०५

कुळागर, हे तुम्ही फार मोलाचे बोललात. त्याला कारणही आहे. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेतीन मीटर लांब, म्हणजे जवळपास खोलीएवढी. बंद खोलीत ती भिंतींवर आपटून उभी राहते, सगळ्या बाजूंनी आल्यासारखी वाटते. दिशा सांगायला कानाला काही उरतच नाही.

मंद्र_पंचम | १५ जून, रात्री ११.१८

माडीवरची, तुमच्याकडे पेटी आहे का? असेल तर त्या गुणगुणीचा सूर पेटीवर शोधा. सप्तक सोडून द्या, फक्त पट्टी सांगा. पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, तिच्या किंचित वर लागला तर तो विजेचा आवाज.

कारण सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची. लोखंडाच्या पट्ट्यांवर गुंडाळलेली तार कुठेही असली, ट्रान्सफॉर्मर असो की चोक, चुंबकत्व सेकंदाला शंभर वेळा चढते-उतरते आणि त्या पट्ट्या तितक्याच वेळा केसभर ताणतात-आखडतात. म्हणून सूर १०० चा, आणि त्याच्यावर २००, ३००. पांढरी पाच खालच्या सप्तकात ९८ ला असते. आम्ही जत्रेच्या रात्री देवळाच्या मंडपात गायला बसलो की पहिल्यांदा या सुराचाच त्रास. स्पीकरमधून तो येत असतो आणि माझा षड्ज काळी एक, त्याला हा सूर ना पंचम ना मध्यम, मधेच लोंबकळतो. तंबोरे किती मिळवले तरी काहीतरी बिनसलेले राहते. श्रोत्यांना कारण कळत नाही, पण तेही नीट बसत नाहीत.

मोटरीच्या फिरण्याचा आवाज असेल तर सूर वेगळा लागेल. पंपाची मोटर मिनिटाला २८५० च्या आसपास फिरते, म्हणजे ४७-४८ हर्ट्झ. तो पांढरी पाचच्या खाली, काळी तीनच्या थोडा वर येतो.

डिचोलीचे_सर | १६ जून, सायंकाळी ६.५०

काल लिहिणे राहिले. पत्र्यावरच्या पावसात शिकवणे म्हणजे काय ते सांगतो. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला मी तिसऱ्या बाकापर्यंत पोचतो, पुढे नाही. शिक्षकाचा आवाज खोलीतल्या आवाजाच्या १५ डेसिबल तरी वर हवा, तेव्हा मुलाला प्रत्येक शब्द कळतो. म्हणून वर्गात मागचा आवाज ३५ च्या वर नको असे सांगतात. पत्र्याखाली सर आली की ओरडूनही ते जमत नाही. पुढची मुले ऐकतात, मागची माझ्या तोंडाकडे बघून अंदाज बांधतात, आणि परीक्षेत तोच अंदाज लिहितात. हुशारीचा यात संबंध नाही, बाकाचा आहे. मला याचे मनापासून वाईट वाटते.

दोन वर्षांपूर्वी पालकांनी मिळून एका खोलीच्या पत्र्यावर विणलेल्या झावळ्या दोन थर अंथरून बांधल्या. थेंब आधी झावळीवर पडतो, त्याचा जोर तिथेच मरतो. त्या खोलीत आता भर पावसात शुद्धलेखन घालता येते. दर मे महिन्यात बदलाव्या लागतात एवढेच.

पेडणे_पठार | १६ जून, रात्री ९.१०

आमच्याकडे जानेवारी २०२३ पासून मोपा विमानतळाची विमाने. माझा अनुभव असा की विमानाची सवय होत नाही, पण त्याने झोपेचे खोबरेही होत नाही. तो येतो, जातो. तुमच्या अखंड गुणगुणीची कल्पना करूनच अस्वस्थ वाटले.

माडीवरची | १८ जून, रात्री १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्री जागून केलेल्या गोष्टी सांगते.

कान बंद केले की आवाज जातो. म्हणजे कान ठीक.

बाबांची पेटी म्हार्दोळहून आणली. पांढरी पाच दाबली आणि अंगावर काटा आला. अगदी तोच सूर, पेटीपेक्षा किंचित चढा. मंद्र_पंचम, तुम्हाला इथूनच नमस्कार.

घरचा मेन स्विच पाडला. आवाज तसाच. काल रात्री पावसात पूर्ण भागाची लाईट गेली, त्या क्षणी गुणगुण थांबली. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती खोली मी खरी ऐकली. लाईट आली, ती परत.

खडूने जमिनीवर खुणा केल्या. उशीच्या भिंतीला सगळ्यात जास्त, तिथून तीन फूट आत आले की जवळजवळ नाही, खोलीच्या मध्यावर पुन्हा आहे, समोरच्या भिंतीला पुन्हा जोरात. हे काय?

वास्कोचा_फिटर | १८ जून, रात्री १०.५५

खोली त्या दिशेला साडेअकरा फूट आहे का?

माडीवरची | १८ जून, रात्री ११.०२

आत्ता टेपने मोजली. अकरा फूट पाच इंच!

वास्कोचा_फिटर | १८ जून, रात्री ११.२५

मग सगळे जुळले. साडेतीन मीटरची लाट, साडेतीन मीटरची खोली. अशा वेळी दोन्ही भिंतींपाशी आणि मध्यावर आवाज चढतो, आणि प्रत्येक भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे पावणेतीन-तीन फुटांवर, पडतो. तुमची उशी नेमकी चढावर आहे. आज रात्रीपुरता पलंग असा ओढा की डोके भिंतीपासून तीन फुटांवर येईल.

आता उगम. तुमच्या मेनवर नाही, पण त्याच लाईनीवर आहे. चोवीस तास आहे, म्हणून फ्रिज किंवा पंप नाही, ते मधून मधून बंद पडतात. कायम चालू राहते ते ट्रान्सफॉर्मर असलेले काहीतरी. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, लिफ्टचे पॅनेल. उशीच्या भिंतीवर तळहात ठेवा. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक भिंतीला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून भिंतभर ऐका. आम्ही बेअरिंग असेच तपासायचो.

माडीवरची | २१ जून, दुपारी ४.१५

सापडले!

पलंग ओढल्यावर त्याच रात्री झोप लागली. स्क्रू-ड्रायव्हरने भिंतीवर एका जागी आवाज एकदम मोठा आला, जमिनीपासून साधारण चार फुटांवर. त्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकींचे स्वयंपाकघर. जायला संकोच वाटत होता. रात्रीअपरात्री तुमच्या भिंतीला कान लावते असे कसे सांगायचे? आईच म्हणाली, चल, मीही येते. पातोळ्या केल्या होत्या, त्या घेऊन गेलो.

काकींच्या फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर, जड लोखंडी खोक्याचा, चार स्क्रूंनी थेट त्या भिंतीवर ठोकलेला. त्यांच्या बाजूला उभे राहिले तर आवाज अगदी हलका, फ्रिजमागे लपून जातो. काकींनी हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, सहा महिने सांगितले का नाहीस गो? त्यांच्या मुलाने दुसऱ्या दिवशी तो काढून खाली लाकडी पाटावर ठेवला, पाटाखाली सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे. गुणगुण गेली.

एक कळले नाही. एवढासा डबा, त्यांच्याकडे हळू आणि माझ्याकडे मोठा कसा?

मंद्र_पंचम | २१ जून, सायंकाळी ५.४०

तंबोऱ्याची तार नुसती हवेत छेडली तर हातभर अंतरावर ऐकू येत नाही. तीच घोडीवरून भोपळ्याला टेकली की सभागृह भरते. तुमची भिंत भोपळा झाली होती, चार स्क्रू ही घोडी.

चिरेबंदी | २१ जून, सायंकाळी ६.०५

याहून चांगले मलाही सांगता आले नसते. दोन घरांमधली भिंत इतकी पातळ आहे म्हणून ती एवढी वाजली. हातभर चिऱ्याला चार स्क्रू हलवू शकत नाहीत. इथे कुळागर यांचे म्हणणे बरोबर ठरते, त्यांचे श्रेय त्यांना देते.

माडीवरची | २७ जून, रात्री ११.४०

पुन्हा लिहावे लागते आहे. गुणगुण गेल्यापासून काकींच्या घरातले बोलणे ऐकू येते. मोठ्याने बोलत नाहीत ते. ताटाचा आवाज, मुलाचा फोन, काकींचा रात्रीचा हरिपाठ. शब्द न् शब्द. म्हणजे आमचेही तिकडे जात असणार. आई परवा माझ्याशी एका घरगुती अडचणीबद्दल बोलली, आणि ऐकू कमी येत असल्याने ती मोठ्याने बोलते. मला रात्रभर त्याचाच घोर. आधीच हे येत होते का?

वास्कोचा_फिटर | २८ जून, सकाळी ८.२०

येत होते. तुमच्या गुणगुणीने ते झाकले होते. डॉक्टरांनी वर म्हटलेच आहे की जाड सूर आपल्या वरच्यांना झाकतो. मागचा आवाज अगदीच नसला की भिंतीपलीकडची कुजबूजही पुढे येते. मोठ्या ऑफिसांत यासाठी छतातून मुद्दाम मंद, सपाट आवाज सोडतात, ४५ डेसिबलच्या आसपास, दोन टेबलांपलीकडचे बोलणे शब्दशः कळू नये म्हणून. तुम्हाला घरात तेवढा नको. समतोल आणि हलका हवा. पंखा एकवर चालवा, आईंना तेवढा वारा सोसेल.

चिरेबंदी | २८ जून, सकाळी ९.००

त्याआधी भिंतीतले स्विचबोर्ड बघा. दोन्ही घरांचे बोर्ड एकमेकांच्या पाठीला पाठ लावून असले तर मध्ये भिंत अशी उरतच नाही, नुसती दोन पेट्यांची पाठ. इलेक्ट्रिशियनकडून एक पेटी काढून मागची पोकळी सिमेंटने भरून घ्या.

माडीवरची | ३० जून, रात्री १०.१५

बोर्ड पाठीला पाठ लावूनच निघाले. बिल्डरने वायरचे चार फूट वाचवले असतील. भरून घेतले. बोलणे आता येते पण शब्द कळत नाहीत, हे पुरे आहे. काकींना मी सांगूनही टाकले, त्या म्हणाल्या की हरिपाठ ऐकू आला तर बिघडले कुठे.

पंखा एकवर लावला. आईने तक्रार केली नाही. पण मंडळी, पंख्यातून गुणगुण येते! पाचवर नाही, फक्त एक-दोनवर. पेटीवर पाहिले, पांढरी पाच.

वास्कोचा_फिटर | ३० जून, रात्री १०.४०

फिरवायच्या बटणाचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल. तो वेग कमी करायला विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापतो, आणि कापलेल्या लाटेवर मोटर गुणगुणते. वेग जितका कमी, काप तितका मोठा. टप्प्याटप्प्याने 'कट् कट्' फिरणारा, कपॅसिटरचा रेग्युलेटर घ्या. तो लाट कापत नाही. कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

डिचोलीचे_सर | १ जुलै, सकाळी ६.५५

आईंचा हॉल कसा आहे आता?

माडीवरची | ४ जुलै, रात्री ११.१०

सर, हॉलला जाड पडदे लावले, म्हार्दोळची मोठी सतरंजी घातली, आणि डॉक्टरांनी यंत्राची जुळणी नव्याने केली. रविवारी भाऊ-भावजय आले होते. चौघांच्या गप्पांत आईने भावाला मध्येच थांबवले आणि सांगितले की तू तारीख चुकीची सांगतोस, माझे लग्न मे महिन्यात झाले. तिने ते ऐकले होते, हॉलच्या दुसऱ्या टोकावरून.

रेग्युलेटर बदलला. काल रात्री पुन्हा पेटी घेऊन बसले. पंखा एकवर, बाहेर पाऊस. एकही पट्टी जुळली नाही.